कातडी बांधणीचं जुनं पुस्तक: ठाणे-नवी मुंबईच्या दमट हवेत जपणूक आणि दुरुस्ती

शंभर-दीडशे वर्षांचं कातडी बांधणीचं पुस्तक घरात सापडलं की हात आधी दोन गोष्टींकडे जातो, ओलं फडकं आणि तेलाची बाटली. दोन्ही लांब ठेवा. जुन्या, आम्ल झालेल्या कातड्यावर पाण्याचा एक थेंब पडला की तो लगेच आत जिरतो, तेवढी जागा आक्रसते आणि वाळल्यावर तिथे काळा, खरखरीत, कडक डाग उरतो. तो पुन्हा जात नाही. तेलाचं नुकसान सावकाश दिसतं. खोबरेल, एरंडेल किंवा बुटाचं पॉलिश लावलं की दोन दिवस कातडं तुकतुकीत दिसतं. मग तेल पुठ्ठ्यातून अस्तराच्या पानात उतरतं, वरचा भाग चिकट होऊन धूळ धरतो आणि जूनमध्ये त्यावरच बुरशी चढते. नीट्सफूट तेल (गुरांच्या पायांच्या हाडांतून काढलेलं) आणि लॅनोलिन (मेंढीच्या लोकरीतला मेणासारखा पदार्थ) यांचं मिश्रण चोळायचा सल्ला अजून ठिकठिकाणी वाचायला मिळतो. संवर्धनाचं काम करणाऱ्यांनी ती पद्धत कधीच सोडली आहे.

दुसरी गोष्ट काळवेळाची. ठाणे खाडीच्या दोन्ही काठांना जून ते सप्टेंबर हवेतली आर्द्रता बहुतेक दिवस ८० टक्क्यांच्या वर असते. त्या दिवसांत चिकटवायची खळ वाळत नाही, पुठ्ठे वाकतात आणि वजनाखाली दाबलेल्या पानांत बुरशी धरते. ओल्या खळीचं कुठलंही काम दसरा ते होळी याच काळात करा. पावसाळ्यात पुस्तक सापडलं तर फक्त वेगळं काढा, कोरडं ठेवा, नोंदी करा. सुटलेला पुठ्ठा जागेवर ठेवून पुस्तकाला दहा-बारा मिलिमीटर रुंदीची सपाट सुती नाडी बांधा. गाठ पानांच्या उघड्या बाजूला घ्या, कण्यावर नको. रबरबँड लावू नका, आपल्या हवेत तो काही महिन्यांत वितळून कातड्याला चिकटतो.

आधी पुस्तक ओळखा

कामाला लागणारे शब्द थोडेच आहेत. वर-खाली पुठ्ठे, मागे कणा, पुठ्ठा जिथे दुमडतो तो सांधा. पुठ्ठ्याच्या आतून चिकटवलेला कागद म्हणजे अस्तर, त्याच्यासमोरचं सुटं पान म्हणजे कोरं पान. छापील कागदाच्या घड्या म्हणजे फर्मे, आणि ते दोऱ्याने शिवले की जुजबंदी. कण्याच्या वरच्या टोकाला कातडं आत वळवलेलं असतं, त्याला इथे माथा म्हणू. कपाटातून पुस्तक काढताना बोट माथ्यात अडकवून ओढायची सवय असते, म्हणून सगळ्यात आधी तोच फाटतो. शेजारची दोन पुस्तकं आत ढकला आणि मधलं पुस्तक दोन्ही बाजूंनी धरून काढा.

बांधणी खरोखर कातड्याची आहे का ते पाहा. आपल्याकडच्या बऱ्याच जुन्या पुस्तकांत कणा आणि कोपरे तेवढे कातड्याचे असतात आणि बाकी पुठ्ठ्यावर कापड किंवा रंगीत कागद असतो. झिजलेल्या कडेला भिंगाने पाहिलं तर खऱ्या कातड्याचे मऊ, गुंतलेले तंतू दिसतात. रेक्झिन असेल तर खाली कापडाची उभी-आडवी वीण दिसते, आणि मग खाली दिलेला कातड्यावरचा उपाय त्याला लागू नाही. बकरीच्या कातड्याला बारीक दाणा असतो आणि ते टिकाऊ असतं. वासराचं गुळगुळीत असतं. मेंढीचं मऊ आणि कमजोर, त्याचा वरचा थर पापुद्र्यासारखा सुटतो.

आता पांढऱ्या कापसाचा बोळा सांध्यावरून अगदी हलका फिरवा. बोळ्यावर विटेच्या रंगाची भुकटी आली तर कातड्याला लाल कुज लागली आहे. झाडपाल्याने कमावलेलं कातडं हवेतला सल्फर डायऑक्साइड शोषतं, त्याचं आत गंधकाम्ल होतं आणि तंतू तुटत तुटत त्यांची पूड होते. घोडबंदर रोडची वाहतूक आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यातली कारखान्यांची हवा यात भरच घालते. पण निम्मं कारण कमावण्यातच आहे. एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानातून बाहेर जाणारं पुष्कळ कातडं तरवडाच्या सालीने कमावलेलं असे, माळरानावर पिवळ्या फुलांनी भरणारं तेच झुडूप. लंडनच्या सोसायटी ऑफ आर्ट्सच्या समितीने १९०१ मध्ये पुस्तकबांधणीच्या कातड्यावर अहवाल दिला, त्यात या प्रकारच्या कातड्याला टिकाऊपणात अगदी खालचा क्रमांक मिळाला. हिरड्यातलं टॅनिन, म्हणजे कातडं कमावणारा तुरट घटक, वेगळ्या जातीचं, आम्लापुढे जास्त तग धरणारं. एकाच कपाटातली दोन सारख्या वयाची पुस्तकं पाहिली तर एकाचा कणा धड आणि दुसऱ्याचा हाताला लागताच पूड होणारा, असं का दिसतं याचं उत्तर बऱ्याचदा इथे असतं.

लाल कुज उलटवता येत नाही. सुटणारी भुकटी जागेवर धरून ठेवता येते, एवढंच आपल्या हातात आहे आणि तेवढं पुरेसं मोलाचं आहे.

काम सुरू करण्यापूर्वी सहाही बाजूंचे फोटो काढा, शेजारी मोजपट्टी ठेवून. पानं मोजा. फर्म्याच्या पहिल्या पानाच्या तळाशी बारीक अक्षर किंवा आकडा असतो, तो क्रम तपासा, म्हणजे हरवलेला फर्मा कळेल. आत सापडलेली चिठ्ठी, पिंपळाचं पान, पावती फेकू नका. ती कुठल्या पानात होती ते लिहून वेगळ्या लिफाफ्यात ठेवा. मालकाची सही, शिक्का, शाईने लिहिलेले शेरे हा पुस्तकाचा भाग आहे, ते पुसायचे नाहीत.

ओल, बुरशी, कसर

बुरशी ओलसर असताना पुसली तर ती कागदात आणि कातड्यात घोटली जाते. म्हणून आधी वाळवा. पुस्तक सावलीत, मंद पंख्याच्या हवेत, थोडं उघडून उभं ठेवा. उन्हात नको, कातडं आक्रसतं आणि पुठ्ठा बाहेरच्या बाजूला वाकतो. बुरशीची पूड कोरडी झाली की एन-९५ मास्क लावून, गॅलरीत, घराबाहेरच्या दिशेने मऊ ब्रशने झाडा. दम्याचा त्रास असलेल्याने हे काम करू नये. वापरलेला ब्रश दुसऱ्या पुस्तकाला लावू नका.

पुस्तक पूर्ण भिजलं असेल आणि पानं एकमेकांना चिकटू लागली असतील तर ४८ तासांत बुरशी सुरू होते. तेवढ्या वेळात वाळवणं शक्य नसेल तर न उघडता बटर पेपरमध्ये गुंडाळा, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून फ्रीझरमध्ये ठेवा आणि मग जाणकाराला गाठा. गोठल्यावर नुकसान पुढे सरकत नाही.

कसर आणि पानांत बोगदे पाडणाऱ्या किड्यांसाठीही फ्रीझरच. पुस्तक कोरडं असलं पाहिजे. जाड पिशवीत घाला, हवा दाबून काढा, तोंड चिकटपट्टीने बंद करा आणि उणे १८ ते २० अंशांवर पूर्ण दोन आठवडे ठेवा. घरच्या फ्रीझरचं दार सारखं उघडतं म्हणून मुदत लांब. बाहेर काढल्यावर पिशवी २४ तास उघडू नका. लगेच उघडली तर आपल्या हवेतली वाफ थंड कातड्यावर पाणी होऊन बसते आणि तोच काळा डाग पडतो. डांबरगोळ्या टाकू नका. त्यांनी कसर मरत नाही, वास मात्र कागदात वर्षानुवर्षं राहतो आणि माणसालाही तो चांगला नाही. वाळवीचा माग दिसला तर पुस्तकापेक्षा भिंतीकडे आधी बघा.

कोरडी स्वच्छता

हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करा, क्रीम लावू नका. सुती हातमोज्यांनी पानं चिमटीत येत नाहीत आणि कडा फाटतात, म्हणून पानांसाठी स्वच्छ उघडे हातच बरे. भुकटी सुटणाऱ्या कातड्याला मात्र नायट्राइलचे मोजे घाला. पुस्तक टेबलावर सपाट उघडू नका. दोन्ही पुठ्ठ्यांखाली गुंडाळलेले टॉवेल ठेवा, म्हणजे पुस्तक नव्वद-शंभर अंशांतच उघडेल आणि सांध्यावर ताण येणार नाही.

आधी पुस्तक घट्ट मिटलेलं धरून वरची कड झाडा. धूळ तिथेच सगळ्यात जास्त साठते, आणि पुस्तक सैल धरलं तर ती आत घरंगळते. ब्रश कण्याकडून बाहेर न्या. मग पानं, शिवणीकडून कडेकडे. मळकट समासासाठी पांढरं व्हिनाइल रबर बारीक किसणीवर किसा, तो कीस पानावर टाकून बोटाने हलके गोल फिरवा आणि ब्रशने पूर्ण काढा. कीस शिवणीत राहिला तर पुढे तिथेच चिकटतो. पेन्सिलीने लिहिलेल्या जागी आणि चुरा होणाऱ्या कागदावर हे करू नका. कातड्यावर फक्त ब्रश. सोनेरी अक्षरांवर कुठलंही रबर किंवा कापड घासायचं नाही, सोन्याचा तो वर्ख अतिशय पातळ असतो.

भुकटी जागेवर बसवणं

यासाठी हायड्रॉक्सिप्रोपिल सेल्युलोज लागतं. बाजारात ते क्लुसेल जी नावाने मिळतं, संवर्धनाचं साहित्य विकणाऱ्यांकडून मागवावं लागतं. दोन ग्रॅम पूड १०० मिलिलिटर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये. अल्कोहोल काचेच्या बरणीत घ्या, ढवळत ढवळत पूड चिमटी-चिमटीने टाका, झाकण लावून रात्रभर ठेवा. एकदम टाकली तर बाहेरून चिकट आणि आत कोरडे असे गोळे होतात, ते मग फुटत नाहीत. सकाळी द्रावण साखरेच्या कच्च्या पाकासारखं, स्वच्छ आणि थोडं दाट दिसलं पाहिजे.

अल्कोहोल ९९ टक्क्यांचंच घ्या. औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या ७० टक्क्यांच्या बाटलीत उरलेले ३० टक्के पाणी असतं, आणि कुजलेलं कातडं तेवढ्याने काळं पडतं. नवशिक्यांच्या हातून होणारी ही सगळ्यात नेहमीची चूक आहे, कारण बाटलीवरचं नाव तेच असतं.

आधी पुठ्ठ्याच्या आतल्या वळवलेल्या कातड्यावर, दिसणार नाही अशा जागी, तांदळाच्या दाण्याएवढा ठिपका लावा. अर्ध्या तासाने पाहा. किंचित गडद होणं ठीक आहे. रंग बोळ्यावर उतरला किंवा डाग काळा झाला तर थांबा. सगळं बरं असेल तर पुठ्ठ्याच्या कडेला बटर पेपर सरकवून पानं झाका आणि मऊ, रुंद ब्रशने एक पातळ हात द्या. ब्रश टेकवत न्या, घासू नका, नाहीतर भुकटी ब्रशवरच येते. दोन तासांनी पुन्हा बोळा फिरवून बघा. भुकटी अजून येत असेल तर दुसरा हात. दोनदा पुरतं. तिसऱ्या-चौथ्या हाताने चकाकणारी साय धरते आणि पुढे तिचे पोपडे निघतात.

खिडक्या उघड्या ठेवा. अल्कोहोलची वाफ पेट घेते, म्हणून त्या खोलीत गॅस, समई, उदबत्ती काहीही पेटतं नको.

खळ

नेहमीचे बाइंडर मैद्याची खळ करतात आणि कीड लागू नये म्हणून त्यात मोरचूद घालतात. रोजच्या वह्या-पुस्तकांना ते चालून जातं. जुन्या कागदाला मोरचूद वाईट, त्यातलं तांबं कागदाची झीज वाढवतं आणि वर्षांनी तिथे तपकिरी पट्टा उठतो. मैद्यातलं ग्लूटेन हे कसरीचं आवडतं खाद्य. म्हणून आपल्याला हवा तो गव्हाचा निव्वळ स्टार्च, ग्लूटेन आणि कोंडा काढलेला.

मराठी घराला तो नवा नाही, कुरडईचा चीक तो हाच. गहू तीन दिवस भिजवायचे, पाणी रोज बदलायचं, वाटून कापडातून गाळायचं, निवळू द्यायचं आणि वरचं पाणी ओतून टाकायचं. कुरडईसाठी इथे थांबतो. खळीसाठी पुढे आणखी चार-पाच वेळा स्वच्छ पाणी घालून ढवळायचं, निवळू द्यायचं, ओतायचं. आंबूस वास पूर्ण जाईपर्यंत आणि वरचं पाणी नितळ दिसेपर्यंत. खाली बसलेल्या थराच्या वर जो पिवळट पापुद्रा येतो तो चमच्याने खरवडून टाका, तेच उरलेलं ग्लूटेन. मीठ, हिंग अर्थातच नाही. वाळवून पूड करून ठेवा. सरावाला आणि पेटी करायला ही पूड उत्तम. मौल्यवान पुस्तकाला मात्र विकतचा शुद्ध गव्हाचा स्टार्च वापरावा, घरचा चीक प्रत्येक वेळी सारखा उतरत नाही.

प्रमाण २० ग्रॅम स्टार्चला १०० मिलिलिटर डिस्टिल्ड वॉटर. तासभर भिजू द्या. स्टीलच्या पातेल्यात, खाली दुसऱ्या पातेल्यात उकळतं पाणी ठेवून, लाकडी चमच्याने सतत ढवळत शिजवा. लोखंडी भांडं नको, लोखंडाचे कण पुढे कागदावर तांबेरे होतात. काही मिनिटं काहीच होत नाही आणि मग एकाएकी चमचा जड होतो. बरेच जण तिथे गॅस बंद करतात आणि खळ नीट चिकटत नाही. मंद आचेवर आणखी २५-३० मिनिटं ढवळा. पांढरा रंग जाऊन ती शिजल्या चिकासारखी चकचकीत, अर्धपारदर्शक झाली पाहिजे आणि चमच्यावरून ओढल्यासारखी पडली पाहिजे. थंड झाल्यावर घट्ट वडी बसते. ती नायलॉनच्या गाळणीतून तीनदा दाबून काढा, मग थेंब-थेंब पाणी घालून सैल करा. पानासाठी ताकाइतकी पातळ, सांध्यासाठी फेटलेल्या दह्याइतकी दाट.

फ्रिजमध्ये ठेवली तर ती कणीदार होऊन पाणी सोडते, बाहेर ठेवली तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आंबते. म्हणून थोडीच करा. आंबट वास आला की टाकून द्या.

पांढरा डिंक, म्हणजे फेव्हिकॉलच्या जातीचा, जुन्या पुस्तकाला लावू नका. गव्हाची खळ पन्नास वर्षांनीही पाण्याच्या ओलसरपणाने सुटते, हा डिंक सुटत नाही आणि पुढच्या दुरुस्तीत कागदच फाटतो. पारदर्शक चिकटपट्टीचं तर नावही काढू नका. आधीच्या कुणी लावलेली असेल तर ओढूही नका, खालची छपाई तिच्याबरोबर येते.

फाटलेलं पान

जपानी कागद लागतो, कोझो झाडाच्या लांब तंतूंचा. पानासाठी पाच ते नऊ ग्रॅम प्रति चौरस मीटर वजनाचा, इतका पातळ की खालची अक्षरं वाचता येतात. कात्रीने कापू नका. पट्टी हवी तिथे बारीक ब्रशने पाण्याची रेघ ओढा, अर्धा मिनिट थांबा आणि दोन्हीकडून हलके ओढा. कडेला रेशमासारखे तंतू सुटे होतात. तेच तंतू पकड घेतात आणि कड दिसेनाशी करतात. कापलेली सरळ कड पुढे त्याच रेघेवर पान मोडते. पट्टी पाच-सहा मिलिमीटर रुंद पुरे.

फाटीच्या दोन कडा नीट जुळवा. बहुतेक फाटींत एक कड वर आणि एक खाली अशी तिरकी असते, ती कुठली कशावर बसते ते भिंगाने बघा. खाली सिलिकॉन पेपर, म्हणजे खळ न चिकटणारा कागद, घाला. पट्टीला काचेवर पातळ खळ लावा, चिमट्याने उचलून फाटीवर ठेवा, कोरड्या ब्रशने मधून कडेकडे दाबा. वर सिलिकॉन पेपर, त्यावर टीपकागद, त्यावर सपाट काच आणि किलोभर वजन. दहा मिनिटांनी टीपकागद बदला, मग तीन-चार तास तसंच राहू द्या. पान सुरकुतलं तर खळ पातळ नव्हती किंवा वजन उशिरा आलं. मजकुराभोवती पिवळसर ओलीचं वलय उठलं तर पाणी जास्त झालं, पुढच्या वेळी पट्टी लावण्याआधी क्षणभर टीपकागदावर टेकवा. जुनी तपकिरी हस्तलिखित शाई असलेल्या पानाला ओली खळ लावू नका, ओल त्या शाईतलं आम्ल आजूबाजूला पसरवते.

हे सगळं आधी रद्दीतल्या पुस्तकावर पंधरा-वीस वेळा करा.

सुटलेला पुठ्ठा

जुन्या पुस्तकाचं सगळ्यात सामान्य दुखणं हेच. जुजबंदी धड आहे, कणा जागेवर आहे, फक्त सांध्यावर कातडं चिरून पुठ्ठा सुटला आहे, असं असेल तर हे काम घरी करता येतं. पुस्तक साधारण एक किलोच्या आतलं असावं. त्याहून जड पुठ्ठा नुसत्या कागदी सांध्यावर पेलत नाही.

बाहेरच्या सांध्यासाठी ३० ते ४० ग्रॅम वजनाचा जपानी कागद घ्या. तो प्लॅस्टिकच्या तक्त्यावर पसरून पातळ ॲक्रिलिक रंगाने कातड्याच्या रंगाशी जुळवा आणि पूर्ण वाळवा. जलरंग नको, खळ लागताच तो फुटून कातड्यावर उतरतो. ओला रंग गडद दिसतो, जुळणी वाळल्यावरच ठरवा. मग पाण्याच्या रेघेने वीस-बावीस मिलिमीटर रुंद पट्टी काढा, लांबी पुस्तकाच्या उंचीइतकी.

भुकटी सुटणाऱ्या कातड्यावर आधी वरचा क्लुसेलचा उपाय झालेला असला पाहिजे आणि मध्ये एक दिवस गेलेला असला पाहिजे. नाहीतर पट्टी भुकटीला चिकटते, कातड्याला नाही, आणि आठवड्यात जशीच्या तशी निघून येते.

पुस्तक मिटवून टेबलाच्या कडेला ठेवा. पुठ्ठा जागेवर बसवा. वर, खाली आणि पुढे तो पानांच्या बाहेर सारखाच डोकावतो आहे ना, हे मोजपट्टीने मोजा. एक मिलिमीटरचा तिरकेपणा इथे राहिला तर तो कायमचा. पट्टीला दाट खळ लावा, जास्तीची टीपकागदावर टिपा. निम्मी पट्टी कण्याच्या खांद्यावर, निम्मी पुठ्ठ्यावर. सिलिकॉन पेपर ठेवून त्यावरून हाडाच्या पट्टीने कागद सांध्याच्या खोबणीत बसवा. खोबणीत तो तळाला टेकला पाहिजे. वरच्यावर ताणलेला राहिला तर पहिल्यांदा उघडताना तडकतो. वर सिलिकॉन पेपर आणि मऊ फलाटीन, त्यावर दीड-दोन किलो वजन, आणि रात्रभर हात लावू नका. शिकंज्यात आवळू नका, कण्याची गोलाई चपटी होते.

दुसऱ्या दिवशी आतली बाजू. पुठ्ठ्याखाली टॉवेलचा आधार देऊन पुस्तक नव्वद ते शंभर अंश उघडा. अस्तर आणि कोरं पान यांच्या मधल्या फटीवर वीस ग्रॅम वजनाच्या कागदाची पंधरा मिलिमीटरची पट्टी लावा, आणि पुठ्ठा तसाच उघडा ठेवून वाळवा. इथे घाई केली तर काम फसतं. पुस्तक मिटून वाळवलं तर पट्टी घडीत आखूड बसते आणि पुढे पुठ्ठा उघडताना कोरं पान मुळातून उपटून काढते. चार तासांनी सिलिकॉन पेपर मध्ये घालून मिटा, हलकं वजन ठेवून आणखी एक दिवस जाऊ द्या. बाहेरची पट्टी कोरडी आणि निर्जीव दिसत असेल तर तिच्यावर क्लुसेलचा एक पातळ हात द्या, ती कातड्याच्या रंगात मिसळते.

माथा फाटला असेल, कणा पूर्ण सुटला असेल, जुजबंदीचे दोरे तुटले असतील, पानं कडेने चुरा होत असतील, तर हात आवरता घ्या. कणा उचलून खाली नवं कातडं घालायला कातडं कागदाइतकं पातळ तासावं लागतं आणि ती कला शिकायला वर्षं लागतात. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कलासंवर्धन केंद्र आहे, योग्य वाट तिथे विचारता येईल. नेहमीच्या बाइंडरकडे दिलं तर तो प्रामाणिकपणे त्याचं काम करतो, म्हणजे कडा कापून सरळ करतो, जुनं कातडं काढून नवं रेक्झिन चढवतो. पुस्तक मजबूत होतं आणि त्याचं जुनेपण संपतं. द्यायचंच असेल तर "कडा कापू नका, जुनं काही टाकू नका" हे कागदावर लिहून द्या.

ठेवायचं कसं

बाहेरच्या भिंतीला लागून असलेलं लोखंडी कपाट पावसाळ्यात आतून घामेजतं. कपाट भिंतीपासून हातभर नाही तरी दहा सेंटिमीटर पुढे ओढा. न्हाणीघराची भिंत आणि पोटमाळा दोन्ही टाळा. दिवसा एसी आणि रात्री बंद, हा खेळ पुस्तकाला सततच्या दमटपणाइतकाच वाईट, कारण कातडं आणि पुठ्ठा वेगवेगळ्या मापाने फुगतात-आटतात आणि सांधा चिरतो.

साधा उपाय म्हणजे घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा. पुस्तक आधी आम्लविरहित जाड कागदाच्या चार पाखांच्या पेटीत, पेटी त्या डब्यात. पेटीचं माप पुस्तकापेक्षा सगळीकडून दोन मिलिमीटर मोठं घ्या. वर्तमानपत्रात गुंडाळू नका, त्या कागदातलं आम्ल पुस्तकात उतरतं. डब्यात सिलिका जेल घाला, लिटरला २० ग्रॅम, म्हणजे २० लिटरच्या डब्याला ४०० ग्रॅम. नारिंगी जेल घ्या. ती हिरवट झाली की ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोन-तीन तास तापवून पुन्हा वापरता येते. निळ्या जेलमधलं कोबाल्ट विषारी असतं. शेजारी छोटा आर्द्रतामापक ठेवा. काटा ४५ ते ६० च्या मध्ये हवा. ताजी जेल कधीकधी हवा फारच कोरडी करते, ४५ च्या खाली गेला तर निम्मी पुडी काढा, नाहीतर कातडं आटून पुठ्ठे बाहेर वळतात.

वर्षातून एकदा तरी पुस्तक बाहेर काढून बघायला हवं, आणि त्यासाठी दसऱ्यासारखा दिवस नाही. पावसाळा सरलेला असतो आणि सरस्वतीपूजनाला पुस्तकं पाटावर मांडायची असतातच. कातडी बांधणीचं पुस्तक मांडायचं असेल तर खाली-वर स्वच्छ कोरडं कापड घाला. गंध, हळद-कुंकू, ओल्या अक्षता आणि फुलं समोरच्या पाटीवरच्या सरस्वतीला वाहा, पुस्तकावर नको, आणि समई हातभर लांब. पूजा उतरवली की खिडकीजवळच्या उजेडात सांधे, माथा आणि शिवणीची फट भिंगाने पाहा, पांढरा बोळा फिरवा, मागच्या वर्षीच्या फोटोंशी ताडून नवी नोंद तारखेसह लिहा. सिलिका जेल बदला आणि पुस्तक त्याच संध्याकाळी पेटीत परत ठेवा.